एचपी, किलोवॅट, टन, बीटीयू: पंप, मोटर आणि एसीच्या पाटीवरचा आकडा कसा बदलायचा

मुंबईत लोहार चाळीच्या बाजारात मोटर घ्यायला गेलात की काउंटरवरचा पहिला प्रश्न असतो, "किती एचपी?" त्याच मोटरसाठी वीजजोडणीचा अर्ज भरायला बसलात की रकाना येतो किलोवॅटचा. एसीच्या दुकानात सगळं बोलणं टनात चालतं, पण घरातल्या कोणी आखातातून येताना एसी आणला असेल तर त्यावर बीटीयू छापलेलं असतं. दुचाकीच्या माहितीपत्रकात पीएस आणि जुन्या चिलरच्या (मोठ्या जागेला गारवा देणाऱ्या यंत्राच्या) पाटीवर किलोकॅलरी. ही सगळी शक्तीचीच मापं आहेत, म्हणजे दर सेकंदाला किती काम झालं किंवा किती उष्णता इकडून तिकडे गेली, याची.

आयटीआय करून नुकते कामाला लागलेले वायरमन, सोसायटीच्या कमिटीवर पहिल्यांदाच निवडून आलेले सभासद, कुर्ला-साकीनाका भागात छोटा गाळा घेऊन यंत्रं बसवणारे, अशांसाठी हा लेख आहे. गुणाकार अवघड नाही, तो मोबाइल करून देतो. घोटाळा होतो तो गुणाकाराच्या आधी, आकडा नेमका कशाचा आहे हे न बघता तो बदलायला घेतला की. त्यामुळे गुणकांपेक्षा पाटी वाचण्यावर मी जास्त लिहिलं आहे.

आधी किलोवॅट आणि युनिट वेगळे करा

किलोवॅट ही शक्ती, आणि बिलावरचं युनिट म्हणजे किलोवॅट-तास ही ऊर्जा. नळाची धार किती जोराची आहे हे किलोवॅट सांगतो, बादलीत किती पाणी जमलं हे युनिट सांगतं. २ किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला तर १ युनिट जळतं. एचपीचं रूपांतर किलोवॅटमध्ये होतं, युनिटमध्ये कधीच होत नाही, मध्ये वेळ यावा लागतो. "तीन एचपीची मोटर म्हणजे किती युनिट?" असं कोणी विचारलं तर उलट विचारायचं, "किती तास?"

बीटीयूच्या बाबतीत हाच गोंधळ पाटीवरच होतो. एक बीटीयू म्हणजे सुमारे १०५५ ज्यूल, म्हणजे ती उष्णता झाली, शक्ती नव्हे. एसीवर नुसतं "१८००० बीटीयू" लिहिलेलं असलं तरी तिथे "दर तासाला" हे शब्द गृहीत धरलेले असतात. ते मनात जोडूनच पुढे जा.

वॅट मध्यभागी ठेवा

एचपीतून टन, टनातून पीएस असे थेट गुणक पाठ करायच्या फंदात पडू नका. कुठलंही माप हातात आलं की आधी वॅट करा, मग वॅटवरून हवं त्या मापात जा. एवढे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले तरी मुंबईतलं बहुतेक काम भागतं:

१ एचपी (मोटर, पंप) = ७४६ वॅट
१ पीएस (गाड्या, युरोपीय यंत्रं) = ७३५.५ वॅट
१ टन (एसी, चिलर) = ३५१७ वॅट = १२,००० बीटीयू दर तास
१ बीटीयू दर तास = ०.२९३ वॅट
१ किलोकॅलरी दर तास = १.१६३ वॅट
१ फूट-पाउंड दर सेकंद = १.३५६ वॅट

उलट जायचं तर भागाकार करा. १ किलोवॅट म्हणजे १.३४ एचपी, १.३६ पीएस, ३४१२ बीटीयू दर तास किंवा ८६० किलोकॅलरी दर तास.

उत्तर किती दशांश स्थळांपर्यंत लिहायचं, यावर नवी मुलं फार अडतात. ३ एचपी म्हणजे २.२३८ किलोवॅट हे गणिताच्या वहीत ठीक, पण साइटवर २.२ लिहा. खुद्द मोटरवरचा "३ एचपी" हा आकडाच गोल केलेला असतो, मग त्याच्या उत्तराला तीन दशांश लावण्यात अर्थ नाही.

एचपी कोणता?

शाळेत नववीच्या विज्ञानात १ अश्वशक्ती = ७४६ वॅट असं शिकवतात, आणि विजेच्या मोटरला तेच लागू आहे. मुळातलं ब्रिटिश माप असं: ५५० पाउंड वजन एका सेकंदात एक फूट वर उचलणारी शक्ती, किंवा मिनिटाचा हिशेब धरला तर ३३,००० फूट-पाउंड. जेम्स वॅटने अठराव्या शतकाच्या शेवटी वाफेच्या इंजिनाची घोड्याशी तुलना करून ते ठरवलं. त्याचे अचूक वॅट ७४५.७ होतात. ७४६ आणि ७४५.७ मधला फरक हजारात अर्ध्याइतकासुद्धा नाही. विसरून जा.

ज्याची दखल घ्यायला हवी तो तिसरा, मेट्रिक एचपी. युरोपात पाउंड-फुटांऐवजी ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलणं असं धरलं, आणि ते ७३५.५ वॅट झालं. जर्मन यंत्रावर तो पीएस म्हणून येतो, फ्रेंच किंवा इटालियन यंत्रावर सीव्ही म्हणून. फरक सुमारे १.४ टक्के. घरच्या पंपात तो दिसणारही नाही. पण २०० पीएसच्या कॉम्प्रेसरला कोणी २०० एचपी समजून ७४६ ने गुणलं तर २.१ किलोवॅट जास्त मोजले जातात, म्हणजे एक अख्खा तीन एचपीचा पंप.

आणखी एक फसवा प्रकार आहे. बीएचपी ही अक्षरं इंजिनावर असतात तेव्हा ती ब्रेक हॉर्सपॉवर, म्हणजे शाफ्टवर (यंत्राच्या फिरणाऱ्या दांड्यावर) प्रत्यक्ष मिळणारी शक्ती, तीच ७४५.७ वॅटची. पण अमेरिकी बॉयलरच्या कागदपत्रांत हीच अक्षरं बॉयलर हॉर्सपॉवर म्हणून येतात, आणि ते माप आहे ९.८१ किलोवॅटचं, म्हणजे तेरापटीहून जास्त. जुना आयात बॉयलर घेताना आजूबाजूला बीटीयू किंवा वाफेचे पाउंड लिहिलेले दिसले की सावध व्हा.

भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. तरीही एचपी टिकून आहे, कारण या शहरातली यंत्रं त्याच्या कितीतरी आधीपासून एचपीत मोजली जात होती. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या पहिल्या कापडगिरणीपासून इथे वाफेची इंजिनं आली, ती ब्रिटिश बनावटीची आणि ब्रिटिश मापांची. वॅट हे एकक सुचवलं गेलं १८८२ मध्ये, म्हणजे तोवर गिरणगावात एचपी मुरलेला होता. म्हणून तक्रार करत बसण्यापेक्षा दोन्ही भाषा शिकून घेतलेल्या बऱ्या.

तोंडी हिशेब

एचपीवरून किलोवॅट: पाव भाग वजा करा. ८ एचपी, पाव भाग २, उरले ६ किलोवॅट. खरं उत्तर ५.९७.

किलोवॅटवरून एचपी: एक तृतीयांश मिळवा. १५ किलोवॅट, तृतीयांश ५, झाले २० एचपी. खरं उत्तर २०.१.

आकडा कितीही मोठा असला तरी हे चालतं. मालगाडीच्या डब्ल्यूएजी-९ इंजिनाची ताकद ६१२० एचपी सांगतात. पाव भाग १५३०, वजा केला की ४५९० किलोवॅट. ७४६ ने गुणून ४५६६ येतात. चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि ती कायम तेवढीच राहते.

टनावरून किलोवॅट: साडेतीनने गुणा. बीटीयूवरून किलोवॅट: शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्या आकड्याला ३.४ ने भागा. २४,००० बीटीयू म्हणजे २४ भागिले ३.४, साधारण ७ किलोवॅट. मोबाइलवर हिशेब करत असलात तरी आधी तोंडी अंदाज घ्या. गुणायच्या जागी भागलं गेलं असेल तर ते लगेच लक्षात येतं.

आता पाटी वाचा

पंपरूममध्ये जा आणि मोटरवरची पाटी शोधा. जुन्या इमारतीत ती बहुधा रंगाच्या दोन-तीन थरांखाली असते. थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्याने हलके पुसा, खरवडू नका, खरवडलं की अक्षरं जातात. टॉर्च तिरपी धरा म्हणजे कोरलेले आकडे उठून दिसतात. मग मोबाइलवर फोटो काढा आणि तो कमिटीच्या ग्रुपवर टाकून ठेवा. मोटर जळते तेव्हा पाटी शोधायला कोणाला फुरसत नसते.

पाटीवर साधारण अशी ओळ असते: केडब्ल्यू / एचपी, आणि पुढे २.२ / ३.०. खाली व्होल्ट, अँपियर, आरपीएम. पंपासकट आलेली मोनोब्लॉक असेल तर हेड (पाणी किती उंच चढेल) मीटरमध्ये आणि डिस्चार्ज (किती पाणी निघेल) लिटर दर मिनिट किंवा लिटर दर सेकंदात.

हे २.२ किलोवॅट मोटर विजेच्या लाइनीतून ओढत नाही, ते ती शाफ्टवर देते. मोटरच्या पाटीवर नेहमी बाहेर पडणारी शक्ती लिहिण्याची पद्धत आहे. आत जाणारी शक्ती काढायची तर कार्यक्षमतेने भागावं लागतं. या आकाराच्या बऱ्या मोटरची कार्यक्षमता ८४ टक्के धरली तर २.२ भागिले ०.८४, म्हणजे २.६ किलोवॅट. मीटर फिरतो तो या २.६ वर. पंप पूर्ण भारावर रोज तीन तास चालला तर जवळपास ८ युनिट, महिन्याला सुमारे २३५. एचपीला ७४६ ने गुणून थेट बिल काढणाऱ्याचं उत्तर नेहमी कमी येतं आणि मग मीटर फास्ट असल्याची तक्रार सुरू होते.

साडेसातचा सापळा

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. मोटरचे आकार ठरलेले असतात, आणि बाजारात ते अशा जोड्यांनी चालतात:

०.७५ किलोवॅट म्हणजे १ एचपी
१.१ किलोवॅट म्हणजे दीड एचपी
१.५ किलोवॅट म्हणजे २ एचपी
२.२ किलोवॅट म्हणजे ३ एचपी
३.७ किलोवॅट म्हणजे ५ एचपी
५.५ किलोवॅट म्हणजे साडेसात एचपी
७.५ किलोवॅट म्हणजे १० एचपी
११ किलोवॅट म्हणजे १५ एचपी
१५ किलोवॅट म्हणजे २० एचपी

यादीत साडेसात दोनदा येतो, एकदा एचपीच्या बाजूला, एकदा किलोवॅटच्या. दीड दोनदा येतो. पंधराही दोनदा येतो. फोनवर "साडेसातची मोटर पाठवा" एवढंच सांगितलं तर समोरच्याने काय समजायचं? जुना पंपवाला एचपी समजतो, कंपनीच्या कॅटलॉगवर काम करणारा नवा मुलगा किलोवॅट समजतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

१० एचपीच्या पंपावर (पाटी ७.५ किलोवॅट) साडेसात एचपीची मोटर बसली तर तिच्याकडून क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शाइतकं जास्त काम मागितलं जातं. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारं उपकरण) नीट लावलेला असेल तर तो थोड्या थोड्या वेळाने ट्रिप होईल. मग कोणीतरी कंटाळून रिलेचा काटा वर सरकवतो, आणि काही दिवसांत वाइंडिंग जळतं. उलटी चूक, म्हणजे साडेसात एचपीच्या जागी ७.५ किलोवॅट, तेवढी घातक नाही. पंप तोच राहिला तर मोटर जरुरीपुरतंच ओढते. पण पैसे जास्त गेलेले असतात, फ्रेम मोठी असल्याने जुन्या बेसची भोकं बहुधा जुळत नाहीत, आणि सुरू होतानाचा झटका जुन्या स्टार्टरला झेपेलच असं नाही.

म्हणून ऑर्डर देताना आकडा दोन्ही मापांत लिहा: "५.५ किलोवॅट / ७.५ एचपी, थ्री फेज, ४१५ व्होल्ट, २८८० आरपीएम, फूट माउंटिंग." सोबत पाटीचा फोटो पाठवा. जुनी पाटी पूर्ण गेलेली असेल तर चालू पंपाचा करंट क्लॅम्प मीटरने (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) मोजून घ्या. थ्री फेज ४१५ व्होल्टवर एक एचपीला साधारण दीड अँपियर हा ठोकताळा वायरमन वापरतात. ११ अँपियरच्या आसपास दिसलं तर साडेसात एचपी, १४-१५ दिसलं तर दहा. हे अंदाजाला ठीक आहे. रिले मात्र कधीही ठोकताळ्यावर लावू नका, त्यासाठी नव्या मोटरच्या पाटीवरचा अँपियरच घ्यायचा.

किती एचपीचा पंप हवा, हे स्वतः काढा

सोसायटीच्या सभेत "शेजारच्या बिल्डिंगमध्ये पाच एचपी आहे, आपणही पाचच घेऊ" असा ठराव होतो. पाच मिनिटांच्या हिशेबात खरा आकडा निघतो आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

समजा सात मजल्यांची इमारत आहे. खालच्या टाकीच्या तळापासून गच्चीवरच्या टाकीच्या तोंडापर्यंत २५ मीटर. पाइपातलं घर्षण आणि बेंड यांसाठी ५ मीटर धरा, झालं ३० मीटर हेड. रोज तीस हजार लिटर पाणी चढवायचं आहे आणि पंप तीन तास चालवायचा आहे, म्हणजे तासाला दहा हजार लिटर, सेकंदाला २.७८ लिटर. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. आता

२.७८ × ३० × ९.८१ = ८१८ वॅट.

ही पाण्याला प्रत्यक्ष मिळायला हवी ती शक्ती, एक एचपीपेक्षा किंचित जास्त. पण पंप सगळी शक्ती पाण्यात उतरवत नाही. लहान सेंट्रिफ्यूगल पंपाची कार्यक्षमता ४५ टक्के धरा: ८१८ भागिले ०.४५, म्हणजे १८२० वॅट शाफ्टवर. याच्या वरचा पहिला आकार २.२ किलोवॅट, म्हणजे ३ एचपी. शेजारच्यांचा पाच त्यांना लखलाभ.

नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानात हेच बोलणं फुटांत होईल: "शंभर फूट हेडचा दाखवू का?" ३० मीटर गुणिले ३.२८, म्हणजे ९८ फूट, तेव्हा होय म्हणायला हरकत नाही. जुन्या ब्रिटिश पद्धतीनेही पडताळा घेता येतो. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, आणि त्याचं वजन बरोबर दहा पाउंड. म्हणून मिनिटाला किती गॅलन, गुणिले किती फूट, भागिले ३३००, की पाण्याची एचपी मिळते. आपले दहा हजार लिटर तासाला म्हणजे मिनिटाला ३६.७ गॅलन. ३६.७ × ९८ ÷ ३३०० = १.०९ एचपी. त्याला ७४६ ने गुणा, ८१३ वॅट. दोन्ही वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचलो, थोडा फरक मधल्या गोल केलेल्या आकड्यांचा.

आयात पंपावर "जीपीएम" (गॅलन दर मिनिट) असेल तर तो बहुधा अमेरिकी गॅलन, ३.७८५ लिटरचा. त्यासाठी ३३०० ऐवजी ३९६० ने भागायचं. ही अदलाबदल झाली तर उत्तर वीस टक्क्यांनी चुकतं.

गावी शेती असलेल्या मुंबईकरांनाही हा हिशेब कामाचा आहे. राज्यात कृषिपंपांच्या मोफत विजेची योजना साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना लागू केली गेली, आणि सौर कृषिपंप ३, ५ आणि साडेसात एचपीत दिले जातात. तिथे मर्यादा एचपीत आहे. नवा पंप घेताना पाटीवर ७.५ किलोवॅट दिसला तर तो दहा एचपीचा आहे, योजनेच्या मर्यादेबाहेरचा.

एसीचा टन

एक टन म्हणजे एसीचं वजन नव्हे, हे बहुतेकांना माहीत असतं. २००० पाउंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता काढून टाकण्याची क्षमता. एक पाउंड बर्फ वितळायला १४४ बीटीयू. २००० ने गुणा, २४ ने भागा, बरोबर १२,००० बीटीयू दर तास. किलोवॅटमध्ये ३.५१७.

इथे लोक अडकतात ते असे: दीड टन म्हणजे ५.२७ किलोवॅट, मग माझा एसी सव्वापाच किलोवॅट वीज खातो का? नाही. हे ५.२७ म्हणजे खोलीतून बाहेर काढलेली उष्णता. वीज कॉम्प्रेसर चालवायला लागते, उष्णता फक्त वाहून नेली जाते. स्टार लेबलवर आणि मागच्या पाटीवर दोन वेगळे आकडे असतात, थंड करण्याची क्षमता आणि आत घेतली जाणारी वीज. क्षमता ५००० वॅट आणि वीज १५०० वॅट असेल तर गुणोत्तर ३.३. वायर, एमसीबी आणि बिल या तिन्हींसाठी वीजेचा आकडा धरायचा, खोलीच्या आकारासाठी क्षमतेचा.

त्याच उदाहरणात आणखी एक बघा. ५००० वॅट भागिले ३५१७, म्हणजे १.४२ टन. दुकानात हा एसी "दीड टन" म्हणूनच विकला जातो. वरच्या मजल्यावरची, पश्चिमेचं ऊन झेलणारी खोली असेल तर दोन मॉडेलांची तुलना टनात न करता लेबलवरच्या वॅटमध्ये करा. टनाचा आकडा दोघांचा सारखा दिसेल आणि वॅटमध्ये फरक निघेल.

जुन्या सेंट्रल प्लांटवर किलोकॅलरी दर तास असेल तर ३०२४ ने भागा, टन मिळतील.

गिझरचं प्रकरण सोपं आहे, तिथे आत गेलेली जवळजवळ सगळी वीज पाण्यातच जाते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला १८.८ लाख ज्यूल लागतात. २००० वॅटने भागलं की ९४२ सेकंद, सोळा मिनिटं.

गाड्या

इथे फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. माहितीपत्रकात एका कंपनीचा पीएस आणि दुसरीचा बीएचपी असेल तर तुलनेआधी दोन्ही किलोवॅटमध्ये आणा. १०० पीएस म्हणजे ७३.५ किलोवॅट किंवा ९८.६ बीएचपी. स्प्लेंडर प्लसचे ५.९ किलोवॅट म्हणजे ८.०२ पीएस आणि ७.९ बीएचपी, तीच गाडी, तीच ताकद. विजेच्या स्कूटरवर किलोवॅटचे दोन आकडे दिसतात, क्षणभर मिळणारी कमाल शक्ती आणि सतत मिळणारी. पेट्रोल गाडीशी तुलना करताना विक्रेता कोणता सांगतोय ते विचारा. बॅटरीचे किलोवॅट-तास हे तिसरंच, ती ऊर्जा.

गाळ्याचा लोड जोडताना

वर्कशॉपमध्ये लेथ ३ एचपी, ड्रिल १ एचपी, कॉम्प्रेसर ५ एचपी, दीड टनाचा एक एसी आणि ४०० वॅटचे दिवे. ३ + १ + ५ + १.५ अशी बेरीज केलेले कागद मी पाहिले आहेत. एचपी आणि टन एकत्र मिळवता येत नाहीत. आधी सगळे किलोवॅट करा. मोटरी ९ एचपी, म्हणजे ६.७. एसीची वीज १.५, क्षमता नव्हे. दिवे ०.४. एकूण ८.६ किलोवॅट. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण, अर्ज कुठेही असो, रकान्याचं एकक वाचून मगच आकडा भरा. किलोवॅटच्या रकान्यात एचपी लिहिला तर मंजूर भार तिसऱ्या हिश्शाने फुगतो, आणि त्यावर अवलंबून असलेले आकार दर महिन्याला भरत बसावे लागतात.

भिवंडीत यंत्रमाग घेणाऱ्यांना वीजदर सवलतीच्या संदर्भात २७ एचपी आणि २०१ एचपी या मर्यादा ऐकायला मिळतात. आकडे विचित्र वाटतात. ०.७४६ ने गुणून बघा: २०.१ आणि १४९.९. म्हणजे २० आणि १५० किलोवॅट. जोडभार (जोडलेल्या सगळ्या यंत्रांची मिळून शक्ती) या काठावर असेल तर पाव भाग वजा करण्याची तोंडी रीत वापरू नका. २७ एचपीचे तिने २०.२५ किलोवॅट येतात, आणि काठावर तेवढा फरकही प्रश्न उभा करू शकतो. तिथे कॅल्क्युलेटर काढा.

शेवटी जनरेटर. त्याच्या पाटीवर केव्हीए (हजार व्होल्ट-अँपियर) असतो. केव्हीएला पॉवर फॅक्टरने (त्यातला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) गुणलं की किलोवॅट मिळतात, आणि डिझेल जनरेटरसाठी तो ०.८ धरलेला असतो. ६२.५ केव्हीए म्हणजे ५० किलोवॅट, १२५ केव्हीए म्हणजे १००. सोसायटीची लिफ्ट आणि पंप मिळून ४० एचपी असतील तर "६२.५ ला ४० म्हणजे भरपूर झालं" असं म्हणण्याआधी क्रमाने जा: ४० एचपी शाफ्टवर, म्हणजे २९.८ किलोवॅट. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर आत ३५ किलोवॅट. पॉवर फॅक्टर ०.८ ने भागलं की ४४ केव्हीए. उरले साडेअठरा. मोटर सुरू होताना थेट स्टार्टरवर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे सगळ्या मोटरी एकदम सुरू केल्या तर एवढ्यात भागणार नाही. त्या एकामागून एक सुरू होतील अशी वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या, आणि सर्वांत मोठी मोटर सगळ्यात आधी चालू करा.